टाकीचा श्वास

स्कूटरची किल्ली भारतदादाच्या मुठीत होती. पंख्याच्या वाऱ्याने टीपॉयवरचे वर्तमानपत्र अर्धवट उचलले जाई आणि पुन्हा पडे. अण्णा दारालगतच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. स्वतःच्या स्कूटरवर मुलाच्या मागे बसून घरी आलेला माणूस जसा बसेल, तसे. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, आणि तिच्या हातातल्या तांब्यातले पाणी कोणाला द्यायचे हे तिचे ठरत नव्हते.

"कॉक बंद होता, अण्णा," दादा अखेर म्हणाला. "परत."

"चालू केला होता रे."

"मग मी काय जादू केली? आलो, टाकी उघडून बघितली, पेट्रोल गच्च. कॉक मागेपुढे केला, एक किक मारली, सुरू!"

अण्णांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले. तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा, असे. "विसरलो असेन मग," ते म्हणाले.

त्या वाक्याने मी दचकले. कळवणहून मी चार दिवसांच्या सुटीवर आले होते, आणि एवढ्या वर्षांत अण्णांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांचे उभे आयुष्य यंत्रांच्या सान्निध्यात गेले. यंत्र विसरते, माणसाने विसरू नये, असे ते म्हणत. निवृत्तीनंतर दुपारची चहाची वेळ झाली की ते आपली जुनी, हँडलवर गिअर असलेली स्कूटर काढत आणि चेहेडीचा पूल ओलांडून पळशाला, काकांच्या झेंडूच्या मळ्यात जात. गेला महिनाभर ती स्कूटर वाटेत बंद पडत होती.

सीटखाली एक लहानशी कडी असते. तिला सगळे कॉक म्हणतात. ती उघडली की टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरकडे उतरते. उघडायची राहिली, तर कार्बोरेटरमध्ये साठलेल्या घोटभर पेट्रोलवर स्कूटर थोडे अंतर जाते आणि मग मूक होते. दादाचे निदान म्हणूनच बिनतोड वाटत होते. भिकन मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा खोलला, जेटच्या बारीक भोकात हवा मारली, प्लग बदलला, आणि शेवटी हल्लीच्या पेट्रोलला नावे ठेवून तो मोकळा झाला. यंत्रात दोष सापडला नाही. तेव्हा दोष माणसात असणार.

दादाने दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. निफाडकडच्या एका द्राक्षबागेच्या पर्यटन केंद्राला दारात शोभेसाठी जुनी स्कूटर हवी होती. तो माणूस रविवारी येणार होता. आणि सोमवारी अण्णांना स्मृतीच्या डॉक्टरकडे न्यायचे होते.

"शोभेसाठी म्हणजे?" मी विचारले.

"रंग देतात, टाकीत माती भरून फुलझाडं लावतात. लोक फोटो काढतात," दादा म्हणाला. "चांगलंच आहे की. अण्णांना कधीही जाऊन बघता येईल."

अण्णांनी मान वळवून दाराबाहेरच्या स्कूटरकडे पाहिले. त्यांचे ते पाहणे मला त्या रात्रभर पुरले.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात काट्यासारखी रुतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा सहज म्हणाले, "गंमत बघ पोरी, टाकी अर्धी असली की बऱ्यापैकी लांब जाते. फुल्ल केली की लवकर बंद पडते." विसरण्याला टाकीतल्या पातळीशी काय देणेघेणे असावे? माणूस भरल्या टाकीने अधिक विसरतो आणि अर्ध्या टाकीने कमी, असा विस्मृतीचा कोणता नियम आहे? त्या प्रश्नाने मला अण्णांच्या मागे सीटवर बसवले.

"उन्हाचं कुठं चाललात दोघं?" आईने दारातून विचारले. "लय ऊन हाय."

"पुलापर्यंत," मी म्हटले.

कॉक मी माझ्या हाताने उघडला. अण्णांनाही तो उघडलेला दाखवला. टाकी काठोकाठ भरलेली होती. सिन्नर फाटा मागे पडला, स्कूटरचा तो ओला, खोकल्यासारखा आवाज उन्हात विरघळत राहिला, आणि चेहेडीचा पूल दिसू लागला तोच आवाजातली ओल संपली. इंजिनाने दोन उचक्या दिल्या. नंतर फक्त टायरची खसखस आणि दूरच्या ट्रकांची घरघर.

अण्णांचा हात सवयीने सीटकडे गेला.

"थांबा. कशालाही हात लावू नका."

मी सीट उचलली. कॉक मी ठेवला होता तसाच होता, उघडा.

अण्णा त्या कडीवर वाकले. "म्हणजे..."

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हता."

ते हसले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही वर सारली, बस्स. मात्र त्या हालचालीत एक जुना माणूस परत आला होता.

भाजीच्या क्रेट्सनी लादलेला एक टेम्पो आमच्याजवळ हळू झाला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काका, आडवी करा, आडवी! आजारी माणसाला कूस बदलावी लागते!"

"हिला आडवी केली तर माझीच कंबर आडवी होईल," अण्णा म्हणाले. "तू तुझे टोमॅटो सांभाळ."

टेम्पो हसत निघून गेला. अण्णांनी उजवीकडचा पत्रा काढला, पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून सोडवली आणि तिचे तोंड रिकाम्या बाटलीत धरले. चार थेंब पडले. मग एक. मग नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळत राहिला, पडावे की नाही याचा विचार करत.

वर भरलेली टाकी होती आणि खाली तहान. मध्ये उघडी वाट. तरीही काही उतरत नव्हते. हे कोडे मला विलक्षण सुंदर वाटले. भरून असूनही देता येऊ नये, अशी स्थिती माणसांत मी पाहिली होती. पत्र्याच्या टाकीत प्रथमच पाहत होते.

"नळीत कचरा असेल," अण्णा पुटपुटले. त्यांनी नळी फुंकून पाहिली. "नाही. नळी साफ आहे."

मी दादाच्या हालचाली मनात पुन्हा लावून पाहत होते. आलो, टाकी उघडून बघितली, कॉक फिरवला, किक मारली. यांतले श्रेय आम्ही सगळ्यांनी कॉकला दिले होते. पण कॉक तर उघडाच होता. मग उरले काय? बघणे. पेट्रोल आहे का, हे नुसते बघणे.

मी टाकीच्या झाकणाचा स्क्रू सैल केला.

स्सस् असा आवाज झाला. पाण्याखाली दम धरून राहिलेल्या कुणीतरी वर येऊन हवा ओढावी तसा. त्याच क्षणी बाटलीत पेट्रोलची सलग, निळसर धार लागली.

"झाकण!" अण्णा जवळजवळ ओरडले. "अगं, झाकण! सरबताच्या नळीवर वरून बोट दाबलं की आतलं सरबत खाली पडतं का? पेट्रोल जेवढं खाली उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी. झाकणाला त्याच्यासाठी भोक असतं, सुईएवढं. टाकी भरलेली असली की आत हवाच थोडी, म्हणून दम लवकर कोंडतो. भोक बुजलंय!"

त्यांनी झाकण उन्हात धरले. वरून धूळ आणि तेलाचा थर होता. माझ्याकडची सेफ्टी पिन घेऊन त्यांनी भोक कोरले. पिनेच्या टोकाशी मऊसर, पिवळट काहीतरी निघाले. त्याला लालसर छटा होती.

"मेण," मी म्हणाले.

आमच्या घरात कुंकवाखाली मेण लावणारे कपाळ एकच होते, आईचे. टिकल्यांच्या पाकिटांना तिने कधी घरात येऊ दिले नाही. रोज सकाळी कपाळावर आधी मेणाचे बोट, मग कुंकू, आणि मग ओल्या फडक्याने स्कूटर पुसणे, हा तिचा क्रम.

अण्णांनी मेण चिमटीत चुरले. "ताजं आहे," ते अगदी हळू म्हणाले. "पेट्रोलच्या वाफेत मेण टिकत नाही. विरघळलं की परत लावावं लागत असणार."

परतताना झाकणाचे भोक मोकळे होते. स्कूटर न थांबता घरापर्यंत आली.

आई दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. दादा आत फोनवर निफाडच्या माणसाला घराचा पत्ता सांगत होता. अण्णांनी आईसमोर बोट धरले. बोटाच्या टोकावर तो लालसर कण होता.

आईने तो पाहिला आणि मेथीची काडी खाली ठेवली. नाकारले नाही.

"तुला कसं कळलं भोकाचं?" अण्णांनी विचारले. कुतूहल त्यांच्या रागाच्या पुढे धावत होते.

"तुम्हीच सांगितलं होतं. भारत पोटात होता तव्हा, पळशाच्या रस्त्याला गाडी बंद पडली होती. झाकणाला श्वास लागतो म्हणाला होतात." तिने पदराने कपाळ टिपले. "पुलापलीकडं नुसते ट्रक. रोज तुम्ही येईस्तोवर माझा जीव टांगलेला. गाडी पुलाच्या अलीकडं थांबली की तुम्ही जित्ते घरी येता."

दादा फोन कानाला तसाच धरून दारात आला होता. "आई! अगं, मी डॉक्टरची वेळ घेऊन बसलोय!"

"गाडी थांबवलीस, ते मी समजू शकतो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही; तो खाली, खोल गेला. "पण महिनाभर माझा माझ्या हातावरचा विश्वास उडाला होता, मालन. घराला कुलूप लावून मी तीन तीनदा ओढून बघत होतो. तुझं नाव तरी लक्षात राहील का, याचा विचार करत होतो. ते दिसत होतं तुला?"

"दिसत होतं."

फोनमधून "हॅलो, हॅलो, पत्ता सांगा ना" असा बारीक आवाज येत राहिला. "नका येऊ," दादा त्यात म्हणाला, आणि त्याने फोन बंद केला.

आईने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "मी तोंडानं सांगितलं असतं," ती म्हणाली, "की मला भ्या वाटतं, जाऊ नका, तर थांबला असतात का तुम्ही?"

थांबलो असतो, असे खोटे अण्णांना म्हणता येईना. मग त्यांनी बोटावरचा कण पँटला पुसला, ओट्याखालच्या चपला पायात सरकवल्या आणि स्कूटरला वळसा घालून, मागे न बघता, ते गल्लीच्या टोकाकडे चालत गेले.