हिरव्या वाडग्यातलं काळं पाणी

रविवारची प्रार्थना केव्हाच आटोपली होती, तरी लोमा तेहारच्या चौकातून कोणी हलत नव्हतं. हे कुंभारांचं गाव. एरवी सणावारीही कोणाची ना कोणाची भट्टी धुमसत असायची. आज मात्र सगळ्या भट्ट्या गार होत्या आणि सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांपुढे दाटलं होतं. बायकांच्या हातांत हिरवे वाडगे होते, आणि प्रत्येक वाडग्यात आदल्या संध्याकाळपासून झाकून ठेवलेलं लिंबू-गुळाचं पाणी. तायता एबारिस्तोचा तसा हुकूमच होता.

तायता म्हणजे बाप. हा बाप महिन्यापूर्वी कुठून उगवला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण आता तो अख्ख्या गावाचा झाला होता.

"पोरगं मारकुटं का?" पांढरी टोपी सावरत तो गरजला. "आईच्या पोटात भ्यालं म्हणून! पोरीला अक्षर का येत नाही? पोटात भ्याली म्हणून! नवरा दारू का पितो? त्याच्या आईला विचारा!"

बायका हसल्या, मान डोलावून पुढे सरकल्या. तायताने एकीच्या पोटावरून अंडं फिरवलं, तिच्या वाडग्यात फोडलं आणि निळ्या बाटलीतलं 'जन्मजल' त्यात ओतलं. बघता बघता पाणी काजळासारखं काळं झालं. कुजका वास सुटला.

"बघा! इतकी वर्षं पोटात सडलेली भीती!"

गर्दीतून "आई गं!" असा एकच सूर उठला.

आरोग्यकेंद्राच्या भिंतीला टेकून नर्स सोइला हे सगळं बघत होती आणि आतल्या आत धुमसत होती. ती या गावात येऊन सहा वर्षं झाली होती. जुन्या बॅटऱ्या फोडून, त्यातलं शिसं वितळवून भांड्यांना झिलई करू नका, हे तिने घरोघर जाऊन सांगितलं होतं. तिने भिंतीवर चित्रं लावली, तर लोकांनी ती काढून बाजाराला जाणारी भांडी त्यांत गुंडाळली. पोरांचं रक्त तपासायला बोलावलं, तर सहा वर्षांत अकरा पोरं आली. आणि हा भामटा अंडं घेऊन आला, तर चाळीस बायका रांगेत! चूल तिने पेटवायची आणि भाकरी मात्र याने भाजून खायची, असा हा प्रकार होता.

रांगेत पुढची होती तारहेलिया. तिला सातवा महिना होता. शेजारी तिची नऊ वर्षांची यादिरा उभी होती, कोणी पाहिलं की डोळे वटारणारी. गेल्याच आठवड्यात तिने वर्गातल्या मुलीचं डोकं दगडाने फोडलं होतं आणि शाळेने तिला घरी पाठवलं होतं. तिसरीत असून तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

"ही पोटात असताना तू घाबरली होतीस," तायता तारहेलियाला म्हणाला.

"हो तायता. डोंगराने राख ओकली तेव्हा."

सोइलाने कपाळावर हात मारला. त्या वर्षी कोण घाबरलं नव्हतं? राख पडली तेव्हा गावातल्या शेळ्यासुद्धा घाबरल्या होत्या.

तारहेलियाचा वाडगा काळा झाला. इतरांपेक्षा जास्तच. ती हमसून रडायला लागली. "म्हणजे माझ्यामुळे! माझ्या भित्रेपणामुळे माझी पोर अशी झाली!"

"रडू नकोस. हिला पुन्हा जन्माला घालू." तायताने ओली जाड घोंगडी पसरली. "हिला यात डोक्यापर्यंत आवळून गुंडाळायचं. आठ जणींनी वरून दाबायचं. आतून जोर लावून ती बाहेर आली की भीती गेली. ओरडली तर सोडायचं नाही. ती नाही, तिची भीती ओरडत असते."

यादिरा आईच्या मागे लपली. रांगेतल्या दोघींनी तिला दंडाला धरून ओढलं.

आता मात्र सोइला भिंतीपासून सुटली. तिच्या हातात पिशवी होती. या पिशवीची तयारी तिने कालच करून ठेवली होती. दोन रविवारांपूर्वी तो वास पहिल्यांदा नाकात शिरला तेव्हाच ती चमकली होती. तिच्या माहेरी गंधकाचा गरम झरा होता. त्यात उतरताना बायका चांदीची कर्णफुलं काढून ठेवायच्या, नाहीतर ती काळी पडायची. कुजक्या अंड्याचा वास तोच. वर अंडं फोडलं की झऱ्याचा संशय कोणाला येणार? आणि पलीकडच्या वायरापाता गावात, जिथे बटाटे पिकतात आणि लोक पत्र्याच्या भांड्यांतून पितात, तिथे हा बाबा एकदाच जाऊन परत का फिरकला नव्हता, तेही तिला उमगलं होतं.

"थांबा तायता! आधी माझी भीती काढा. मीही पोटात असताना फार भ्याले होते म्हणे."

तिने काचेचा पेला पुढे केला. "तेच लिंबू, तोच गूळ, कालपासून झाकलेलं. ओता तुमचं जन्मजल."

तायता कचरला, पण सगळं गाव बघत होतं. त्याने ओतलं. पाणी जरा गढुळलं, बस्स.

"तुझं मन बंद आहे, बाई. भीती बाहेर येत नाही."

"असेल बाई बंद! मग याची काढा." सोइलाने पिशवीतून फडकं बांधलेला कोरा वाडगा काढला. त्यातही कालचंच लिंबू-गुळाचं पाणी होतं. "ओर्तेन्सिया आजींच्या भट्टीमागच्या ढिगातला. अजून कोणाच्या ओठाला लागलेला नाही."

तायता बाटली मागे घ्यायला लागला, तेवढ्यात सोइलाने ती हिसकावली आणि स्वतःच ओतली. वाडगा काळाभोर झाला.

"आता सांगा," ती ओरडली, "या वाडग्याच्या आईला कोणी घाबरवलं होतं?"

पहिल्यांदा पोरं हसली, मग पुरुष, मग रांगेतल्या बायकाही. तेवढ्यात सोइलाने कानातली चांदीची बाळी काढून दोऱ्याने बाटलीत सोडली आणि जरा वेळाने काढून दाखवली. ती कोळशासारखी झाली होती. "हे गंधकाच्या झऱ्याचं पाणी आहे. ते चांदीला काळं करतं, तसंच शिशालाही. लिंबाने रात्रभरात तुमच्या झिलईतलं शिसं ओढून घेतलं. जे काळं दिसतंय ते शिसं आहे. भीती नाही!"

हसणं थांबलं. तायता टोपी काखेत मारून खेचरावर कधी चढला ते कोणी पाहिलंही नाही.

लोक आता सोइलाकडेच रोखून बघत होते.

"म्हणजे भट्ट्या बंद करायच्या?" एक कुंभार गुरगुरला. "खायचं काय, तुझी चित्रं?"

"भट्ट्या नाही, बॅटऱ्या बंद करा! बिनशिशाची झिलई मिळते, सहा वर्षं तेच..." तिचा आवाज चिरकला. लोक पांगायला लागले होते. भीती काढायला चाळीस जणी आल्या होत्या, शिसं म्हटल्यावर तीन उरल्या. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही.

उरलेल्यांत तारहेलिया होती, तिची पोर आणि सासू ओर्तेन्सिया. गावात झिलईचा सगळ्यात चांगला हात या म्हातारीचा. सून पोटुशी राहिली की सासूने तिला हिरवा वाडगा द्यायचा, त्याला मायेने दुहेरी झिलई चढवायची आणि सुनेने बाळ होईपर्यंत त्यातूनच आंबट पाणी प्यायचं, अशी गावची रीत. बाजारात चांगली भांडी जायची. झिलई नीट न वितळलेली घरात राहायची. पोरं त्यांतच जेवायची.

"सिस्टर," तारहेलियाने विचारलं, "पोटातल्या पोरावर परिणाम होतो, हे तरी खोटं ना?"

"ते खरंय गं. म्हणून तर त्या चोराचं फावतं. शिसं आईच्या रक्तातून बाळाला जातं. पुढे पोरांचं डोकं चालत नाही, ती चिडतात, मारतात."

"म्हणजे चूक माझीच."

"तुला माहीत नव्हतं. यादिराचं गेलेलं किती परत येईल, मी सांगू शकत नाही. पोटातल्याचं अजून वाचवता येईल."

ओर्तेन्सिया पुढे झाली. सुनेच्या हातातला काळा वाडगा तिने घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. दुहेरी झिलई तिच्याच हातची होती.

"मला नाही पटत," ती म्हणाली आणि चालू लागली.

सोइला आरोग्यकेंद्राच्या दारात येऊन बसली. संपलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आली. डोक्यावरच्या पाटीत फडकी बांधलेले सात भरलेले वाडगे आणि एक भरलेली काचेची बरणी. मागे यादिरा.

"कालची बाटली कुठाय? माझी भांडी, माझी लिंबं, काल रात्री मीच पिळलीत. तायतावर ठेवला तसा तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही मी. तू हात लावायचा नाहीस. मी स्वतः ओतणार, स्वतः बघणार."

सहा वर्षांत सोइलाला इतकं शहाणं वाक्य या गावात कोणी ऐकवलं नव्हतं.

"नकाच ठेवू आजी," ती म्हणाली. "माझ्यावर नको, कोणावरच नको. ओता."

म्हातारीने ओतलं. एकामागून एक सातही वाडगे काळे झाले. बरणीतलं पाणी तसंच राहिलं. तिने बरणी उचलून उजेडात धरून पाहिली. मग तिने यादिराला पुढे ढकललं आणि तिची बाही वर सारली.

"घे हिचं रक्त," ती म्हणाली. "आणि ती बाटली मला दे. गावातल्या प्रत्येकीने स्वतःच्या हाताने ओतून बघितलं पाहिजे."