बयाबाईचा पसा

मित्रांनो, सहलीला आलात की ज्याच्यावर एक पाय ठेवून तुम्ही ऐटीत फोटो काढता, ते मी एक जुनं दगडी उखळ आहे. माझ्या पोटावर पिवळ्या ऑइलपेंटनं एका सिनेमाचं नाव लिहिलं आहे. रंगवणाऱ्यानं मला विचारलं नव्हतं. तुमचे गुरुजी सांगतात, "मुलांनो, हेच ते बयाचं उखळ." मग तुमच्यातला एखादा हमखास विचारतो, "गुरुजी, चोरलेलं भात तिनं यातच कांडलं का?" आणि गुरुजी मान डोलावतात. मला तोंड आहे, चांगलं वीतभर रुंद आहे, पण ते बोलायच्या कामाचं नाही. आज मात्र बोलतो. काही गोड ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका.

मी शाहूवाडीकडच्या डोंगरातला काळा दगड. एका पाथरवटानं मला घडवलं आणि वाडीच्या मारुतीसमोर आणून बसवलं. आमच्याकडे भाताची शेती. सुगी झाली की घरोघरच्या बायका भात घेऊन माझ्याकडे यायच्या. मुसळ वर जायचं, खाली यायचं, तूस निघून तांदूळ मोकळा व्हायचा. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं तुम्ही म्हणता. ज्याचं सगळं अंगच उखळ, त्यानं काय म्हणावं? पण मला त्या घावांचं कधी दुःख वाटलं नाही. माणसं जेवत होती.

आता बयाबाईचं सांगतो, कारण माझा जन्म तिच्या नावाशी बांधलेला आहे.

मानमोडीची साथ आली ते साल. पाऊसही दगा देऊन गेलेला. बयाबाईचा नवरा साथीत गेला आणि पदरात धोंडू नावाची लहान मुलगी राहिली. वाडीचं पुढच्या पेरणीचं बी-भात देवळातल्या कणगीत असायचं. पोटात आग पडली तरी त्याला हात लावायचा नाही, असा गावाचा नेम होता. तरी त्या वर्षी कणगीतलं भात खाली खाली जाऊ लागलं. आणि माझ्याभोवती रोज ताजा कोंडा दिसू लागला.

तो कोंडा बयाबाईचाच होता. तळ्याच्या पाणथळीत आपोआप उगवणारं देवभात ती ओच्यात गोळा करून आणायची आणि लेकीसाठी माझ्यात कांडायची. त्याचे तांबूस दाणे माझ्या पोटात पडायचे, म्हणून मला ठाऊक. पण भुकेल्या गावाला कोंडा तेवढा दिसला आणि बयाबाई चोर ठरली. "पोर ठेव आन् चालती हो," असं गावानं तिला सांगितलं. सगळ्यांत मोठा आवाज पाटलाचा होता. बयाबाई घाट उतरून माहेराकडं निघाली आणि मोळीवाल्यांना ती वाटेतच मेलेली सापडली.

पेरणीच्या तोंडावर देवळातली एक फरशी खचली. खाली खणलं तर घुशीचं भलंमोठं बीळ, आणि त्यात सगळं बी-भात.

आमचं गाव दुष्ट नव्हतं, मित्रांनो. चुकलं होतं. आणि चुकलं हे कबूल करायची त्या माणसांत धमक होती. त्यांनी नेम घातला. दरसाल नवं भात पहिल्यांदा कांडायचं त्या दिवशी बयाबाईची गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची, घुशीसकट. पहिला पसाभर तांदूळ देवाला नाही, माझ्या काठावर बयाबाईच्या नावानं ठेवायचा. मग प्रत्येक घरच्या कर्त्यानं मला डोकं टेकवून म्हणायचं, "बयाबाई, आमचं चुकलं." पाटलानं सगळ्यांत आधी. मी त्या म्हाताऱ्या पाटलाचं कपाळ माझ्या काठाला लागलेलं अनुभवलं आहे.

धोंडू मोठी झाली, वाडीतच नांदली, धोंडुबाई झाली आणि गोष्ट तीच सांगू लागली. काय सांगायची! मुसळाच्या तालावर तिचे शब्द पडायचे. घुशीचं बीळ सापडतं तिथं ती थांबायची, आणि मुसळं धरलेल्या बायकांचे हातही थांबायचे. लेकी सासरी गेल्या तशी ही गोष्ट त्यांच्याबरोबर दुसऱ्या वाड्यांत गेली. सुगीच्या दिवसांत मलकापुराहूनसुद्धा लोक ऐकायला यायचे.

पण घाट उतरलं की पंचाईत होती. खाली बयाबाईच्या माहेरात आमच्या गावाचा नेम पोचलाच नव्हता. तिथं अजूनही 'चोरणीची लेक' म्हणत. धोंडुबाईच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्या एका शब्दावर मोडलं. त्या दिवशी तिनं भात इतकं जोरात कांडलं की तांदळाचा चुरा झाला.

अशात एक दिवस वाडीत जीपगाडी आली. तीतून यज्ञेश्वर मास्तर उतरले. हे पूर्वी आमच्याच शाळेवर होते. धोंडुबाईची गोष्ट ऐकून माझ्याजवळ बसून ढसाढसा रडलेला हा माणूस. पुढं नोकरी सोडून ते कोल्हापूरला गेले आणि एका सिनेमा कंपनीत कथा लिहू लागले.

"धोंडुबाई," मास्तर म्हणाले, "बयाबाईची गोष्ट पडद्यावर आणायची म्हणतो. अख्खा मुलूख बघेल."

"अख्खा म्हंजी घाटाखालची बी?"

"तीसुद्धा."

धोंडुबाई बराच वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "न्या की मग. मला काय बी नगं. पर मास्तर, शेवटाला गाव चुकलं म्हणतंय, त्येवढं गाळायचं न्हाई."

"शब्द देतो."

मास्तर तेव्हा खरं बोलत होते, असं मला आजही वाटतं. पण सिनेमात पैसा घालणारे दुसरेच असतात, हे त्यांनी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही नीट कळलेलं नसावं.

शूटिंगला गाडाभर माणसं आली. नटी गोरीपान, नाजूक. तिला मुसळ उचलेना, म्हणून पांगाऱ्याचं हलकं मुसळ करून आणलं. माझ्यासारख्या दगडाला गुदगुल्या झाल्या. तेही सोसलं, पण ती मला रिकामंच कांडू लागली. रिकामं उखळ कांडणं आमच्याकडे अशुभ. धोंडुबाई धावत आली आणि कॅमेऱ्याच्या पुढ्यात पसाभर भात माझ्यात ओतून गेली. सगळे तिच्यावर खेकसले. ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. माझ्या आयचं उखळ रितं न्हाई कांडायचं."

त्यानंतर वाडीला दुसरा विषय उरला नाही. सयाजी पाटील, म्हणजे त्या म्हाताऱ्या पाटलाचा मुलगा, गर्दीत उभा राहिला होता. आपला फेटा दिसतो की नाही यावर तो येईल त्याच्याशी वाद घालायचा. ज्याचा बैल कॅमेऱ्यासमोरून गेला होता, त्यानं बैल विकायचा बेत रद्द केला. "आमच्या गावचं उखळ पांढरं झालं," असं लोक म्हणू लागले. धोंडुबाई मात्र एकच गोष्ट सगळ्यांना विचारायची, "घाटाखाली थेटर हाय का वो?"

सिनेमा लागायची वेळ आली तेव्हा कंपनीनं ट्रक पाठवून मला कोल्हापूरला नेलं. थिएटरच्या दारात चौथरा केला, मला झेंडूचा हार घातला. 'सिनेमातलं खरंखुरं उखळ' बघायला लोक लोटले. पहिल्या खेळाला आमची सगळी वाडी आली. धोंडुबाईनं ठेवणीतली इरकल नेसली होती. दारावरच्या पोस्टरकडं बघत तिनं पुतण्याला, बाळासोला, विचारलं, "काय लिवलंय रं?"

बाळासो घुटमळला. "'बयानं केली चोरी'."

"काय?"

"काकू, नाव तसंच ठेवत्यात. माणसं यायला पायजेत का न्हाई? आत शेवट गोड हाय म्हणं."

ती आत गेली. मी बाहेर. दाराआडून मला शिट्ट्या ऐकू आल्या, मग गाणं, मग हुंदके. शेवटी एवढ्या टाळ्या पडल्या की मला वाटलं, आता मुलूखभर सगळे म्हणणार, बयाबाई, आमचं चुकलं.

दारं उघडली. सयाजी पाटील फेट्याच्या शेवानं डोळे पुसत आला. "काय मन हाय बगा आपल्या गावाचं! एवढी चोरी केली तरी माफ केलं की हो तिला! पोटात घेतली!" बाकीचेही रडत होते आणि हसतही होते. आपलं गाव किती मोठ्या मनाचं आहे, हे त्यांना पडद्यावर पहिल्यांदाच दिसलं होतं.

धोंडुबाई सगळ्यांच्या मागून आली. मास्तर माझ्याजवळ मान खाली घालून उभे होते.

"घूस कुठं हाय, मास्तर?"

"काढली." मास्तर पुटपुटले. "मालक म्हणाले, पडद्यावर घूस बघून लोक हसतील. आणि निष्पाप बाई मेली तर लोक सुन्न होऊन घरी जातात, दुसऱ्यांदा येत नाहीत. म्हणून मग तिनं यारासाठी भात चोरलं, पस्तावली, गावानं माफ केलं, असं..."

"लोकं हसतील म्हणून माझी आय चोर?"

धोंडुबाईनं माझ्या गळ्यातला हार काढला, खाली ठेवला आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. घाटाखालच्या गावांतही तो सिनेमा लागला, खूप चालला. ज्यांनी बयाबाईचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही ती चोर होती हे कळलं.

सुगीच्या आधी मला वाजतगाजत वाडीत परत आणलं. पहिल्या कांडपाला यंदा गर्दी दुप्पट होती. धोंडुबाईनं मुसळ धरलं, गोष्ट सुरू केली. तिचा आवाज बसका झाला होता, पण एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. ती फरशी खचली तिथं आली, घुशीचं बीळ सापडलं म्हणाली, तोच एक मुलगी मोठ्यानं बोलली, "आक्का, शिनेमात घूस न्हवती. तुमी चुकालाय."

सगळे हसले. मालकाचं खरं ठरलं म्हणायचं, घूस आली की लोक हसतात.

गोष्ट तिथंच मोडली. मग सयाजी पाटील पुढं आला. बापासारखा वाकला, माझ्यावर डोकं टेकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बयाबाई, जा. गावानं तुला माफ केलं."

मी दगड आहे, पण त्या क्षणी चिरलो कसा नाही याचं मला नवल वाटतं.

"पाटील," धोंडुबाई म्हणाली, "तुमच्या बानं हितंच डोकं टेकलंतं. चुकलं म्हणला हुता त्यो. तुमी बी गेल्या साली म्हणलाता."

"म्हणलातो की. तवा म्हाईत न्हवतं." सयाजी तिला लहान मुलाला समजवावं तसं समजावू लागला. "आगं, आता आपण डोळ्यांनी बघितलं न्हवं का, कणगीत हात घालताना? सगळ्यांनी बघितलं. तू बी हुतीस की."

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर वाईट. त्याच्यामागून एकेक घर आलं आणि बयाबाईला माफ करून गेलं. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. पसाभर तांदूळ माझ्या काठावर ठेवायचं कुणाला सुचलं नाही, कारण चोराला कोण तांदूळ देतं?

धोंडुबाईनं पुन्हा गोष्ट सांगितली नाही. कुणी सांगायला लावलीही नाही. पुढं वाडीत भाताची गिरणी आली, तिचा पट्टा फिरू लागला आणि माझं काम संपलं. त्याचं मला फार नाही. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, बरंच झालं. पण बायका माझ्याभोवती जमायच्या थांबल्या आणि गोष्टीला बसायला जागाच उरली नाही.

ती एकटी मात्र येत राहिली. सुगी झाली की भर दुपारी, सगळे शेतात असताना, ती मूठभर तांदूळ घेऊन यायची, माझ्या काठावर ठेवायची आणि डोकं टेकवायची. ती लेक, तिला क्षमा मागायचं काही कारण नव्हतं. तरी म्हणायची, "आये, माझंच चुकलं. मीच तुला त्यांच्या हातात दिली." ती वारली त्या साली माझा काठ रिकामा राहिला, आणि तेव्हापासून रिकामाच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी शेवटी म्हणायचं असतं. मला जपू नका. मी दगड, ऊनपाऊस सोसून आणखी शंभर वर्षं पडून राहीन. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस गोष्ट सांगत असेल तर तेवढी शेवटपर्यंत ऐका, आणि तिच्यातलं हसण्यासारखं वाटेल ते गाळू नका. तुम्ही ऐकाल, असं खरं सांगायचं तर मला वाटत नाही. बयाबाई चोर नव्हती हे ठाऊक असणारं वाडीत आता माझ्याशिवाय कोणी नाही, आणि माझी साक्ष कोण घेणार? म्हणून एवढंच मागतो. भात घुशीनं नेलं होतं, हे कुणाला तरी सांगा.