प्रभारी प्रमुख पुलावर

आमच्या कचेरीत माणसं थोडी आणि पदं फार. वादळानंतर ही परदेशी मदत संस्था सान पेलायोत आली आणि गावाला पहिल्यांदा कळलं की मदत करायला एवढ्या प्रकारचे लोक लागतात. संरक्षण अधिकारी म्हणून आलेली मुलगी कुत्र्यांना घाबरते, त्यामुळे तिला घरापर्यंत पोचवायला पहारेकरी जातो. समन्वय अधिकारी दिवसभर इतर संस्थांच्या समन्वय अधिकाऱ्यांना भेटतो. तक्रार व प्रतिसाद अधिकाऱ्याकडे लोक तक्रार करतात आणि प्रतिसाद म्हणून तो ती लिहून घेतो. मी प्रशासन व मनुष्यबळ सहायक. म्हणजे सगळ्यांची रजा मला पाठ असते, माझी कोणालाच नसते.

या सगळ्यांवर एक नियम आहे: कचेरी क्षणभरही प्रमुखाविना राहता कामा नये. प्रमुख बाहेर गेला की उपप्रमुख प्रभारी, तो गेला की त्याच्या खालचा, असं उतरत जायचं. या उतरंडीत मी नाही. नोकरीचे करार मी तयार करतो, आणि करणाऱ्या हातानंच सही करू नये असा दुसरा नियम आहे.

त्या शुक्रवारी आमचे बेल्जियन प्रमुख सर वाउटर सगळ्या अधिकाऱ्यांना घेऊन एका बेटावर कार्यशाळेला गेले. विषय होता, 'नेतृत्व स्थानिक माणसांच्या हाती कसे सोपवावे'. मनिलाच्या मुख्य कचेरीचे साहेबही तिथेच. बेटावर फोन लागत नाही आणि त्याचेच तिथे जास्त पैसे घेतात. भांडारपाल डेंग्यूनं आडवा. असं करत करत सान पेलायोचं प्रमुखपद ड्रायव्हरवर येऊन थांबलं.

ड्रायव्हर मानोय क्रिसान्तो; मानोय म्हणजे आमच्याकडे दादा. नियम हा त्यांचा देव. रिकाम्या मैदानात गाडी वळवतानाही ते दिवा लावतात. सर वाउटरांच्या खुर्चीच्या अगदी कडेवर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. गाडी पुलापलीकडच्या गॅरेजात तेल बदलायला दिलेली, त्यामुळे त्यांना दुसरं कामही नव्हतं.

जेवणानंतर मनिलाच्या संगणकानं आपण होऊन एक पत्र धाडलं. ड्रायव्हरचा करार आज संध्याकाळी पाच वाजता संपतो. त्याआधी कचेरीच्या प्रमुखाची सही न झाल्यास पद रद्द. मानोयची धाकटी मुलगी ताक्लोबानला नर्सिंग शिकते आणि घरात कमावणारे ते एकटे.

मी कागद छापून पुढे ठेवला. "करा सही."

"माझ्याच करारावर मीच?" त्यांनी हात मागे घेतला. "हितसंबंधांचा संघर्ष होतो. मी तो अभ्यासक्रम केलाय. दोनदा."

"मग रजा घ्या. म्हणजे पुढचा माणूस प्रभारी होईल."

"रजा मंजूर कोण करणार?"

"प्रमुख."

आम्ही दोघांनी खुर्चीकडे पाहिलं; तिच्यात तेच बसलेले.

"आजारी पडा," मी म्हणालो. "खोकून बघा."

त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "येत नाही रे."

राहता राहिला एकच मार्ग. प्रभारी प्रमुख कार्यक्षेत्राबाहेर गेला की पद आपोआप खाली उतरतं. आमचं कार्यक्षेत्र पुलाच्या मध्यावर संपतं. तिथे दोन तालुक्यांची हद्द दाखवणारा पिवळा पट्टा आहे. मानोय तीनचाकी रिक्षात बसून पलीकडे गेले, आणि उतरंडीतलं शेवटचं नाव सान पेलायोचं प्रमुख झालं. मानाय फेली, म्हणजे फेलीताई, स्वयंपाक व स्वच्छता.

मानायचं घर पुलाच्या अलीकडच्या टोकाला. मी पोचलो तेव्हा ती अंगणात मासे साफ करत होती आणि शेजारीण बेबांग कुंपणावर रेलून तिला सल्ला देत होती.

"कोण प्रमुख? मी?" मानायनं सुरी खाली ठेवली. "बेबांग, ऐकलंस ना? नाहीतर उद्या म्हणशील फेली थापा मारते."

"पाच वाजेपर्यंत प्रमुख का?" बेबांगनं विचारलं.

"मानोय पुलापलीकडे आहेत तोवर," मी म्हणालो. "मानाय, इथे सही करा."

"कोणाचा कागद आहे?"

"मानोय क्रिसान्तोंचा."

तिनं हात धुतले, पुसले आणि भरपूर वेळ असल्यासारखी बाकावर बसली. "त्याला म्हणावं, प्रमुखांना न्यायला गाडी पाठव."

यामागचं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक होतं. सहा वर्षं मानाय बाजाराच्या पिशव्या घेऊन कचेरीत पायी येते. सहा वर्षं मानोय त्याच रस्त्यानं पांढरी गाडी रिकामी नेतात. अनधिकृत प्रवासी घेऊ नये, असा नियम. बेबांग रोज विचारते, "गोऱ्यांकडे कामाला ना गं तू? मग चपला का झिजतात?"

मी मानोयना स्पीकरवर फोन लावला.

"गाडी मिळाली आहे," ते पलीकडून म्हणाले. "पण पट्टा ओलांडला की मी परत प्रभारी. मग मानायची सही फुकट. आधी सही, मग बोलू."

"मानाय कोण?" मानायनं फोन हिसकावला. "मॅडम म्हण."

"मॅडम, आधी सही."

"आधी गाडी. अरे, सही झाली की तू मला ओळख तरी देशील का? कोणाला कळणार आहे पट्टा कधी ओलांडलास ते?"

"मला कळेल, मॅडम."

मानायनं फोन माझ्या हातात कोंबला. "हा माणूस बुडताना पोहायची परवानगी मागेल!"

तरी ती आत गेली. बाहेर आली ती जत्रेचा निळा झगा घालून, हातात छत्री घेऊन. पुलाकडे निघाली तशी मागून बेबांग निघाली, बेबांगच्या मागून तिची सून, आणि पुलाशी पोचेपर्यंत अर्धी वस्ती आमच्यामागे होती. शुक्रवारी दुपारी आमच्याकडे फारसं काही घडत नाही.

पट्ट्यापलीकडे झेंडा लावलेली पांढरी गाडी आणि तिच्याशेजारी ताठ उभे मानोय. अलीकडे मानाय. मध्ये पिवळा रंग.

"सहीआधी कामाचं मूल्यमापन असतं ना रे?" तिनं मला विचारलं.

असतं. मला खोटं बोलता आलं नाही.

"तर क्रिसान्तो. गेल्या पावसाळ्यात डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन मी भिजत चालले होते. तू गाडी थांबवलीस का?"

"थांबवली, मॅडम."

गर्दीत कुजबुज झाली.

"कशासाठी?"

"तुम्ही रस्ता ओलांडत होता."

"मग?"

"तुम्ही ओलांडलात. मी गेलो."

बेबांगला हसू आवरेना. मानायनं छत्री आपटली. "आणि मागच्या सीटवर कोण होतं?"

"कोणी नव्हतं." मानोय घुटमळले. "म्हणजे, सर वाउटरांची गिटार होती."

"गिटारला परवानगी होती?"

"होती, मॅडम. लेखी."

आता पूलच हसत होता. फक्त मानाय आणि मानोय हसत नव्हते. पाचाला थोडाच वेळ उरला होता.

"चुकलं म्हण," मानाय हळू म्हणाली. "तेवढं म्हण, मी सही करते."

"नियमानं चुकलं नाही, मॅडम."

"अहो मानोय, म्हणा ना!" मी ओरडलो. "पोरीची फी आठवा!"

"खोटं कसं म्हणू?" त्यांच्या कपाळावर घाम होता. पट्ट्याला बूट लागेल न लागेल इतके ते पुढे आले. "नियमानं चुकलं नाही. पण त्या दुपारी तुमच्या हातचं माशाचं सूप मला गोड लागलं नाही."

"गोड लागलं नाही? दोन वाट्या ओरपल्यास मेल्या!"

"एरवी चार घेतो."

मानायनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते, पण ती हसत होती की काय ते छत्रीमुळे दिसलं नाही. मग ती म्हणाली, "वाक." मी वाकलो. माझ्या पाठीवर कागद ठेवून तिनं सही केली. नाव, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव, सगळं. माझी पाठ बराच वेळ वाकलेली राहिली, पण पाचाच्या आत सही झाली.

पलीकडून मानोयनी कागद घेतला, दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पट्टा ओलांडून अलीकडे आले. म्हणजे परत प्रभारी प्रमुख झाले.

"प्रमुख या नात्यानं," ते मला म्हणाले, "मानाय फेलीला गाडीतून प्रवासाची परवानगी. लिहून घे."

टाळ्या पडल्या. मानाय पट्टा ओलांडून थेट गाडीत जाऊन बसली, मागे, जिथे गिटार बसली होती तिथेच. मानोय पट्ट्याच्या अलीकडेच थांबले; तेही पलीकडे गेले असते तर कचेरीला प्रमुखच उरला नसता.

"चल की," मानाय आतून ओरडली.

"प्रमुखानं स्वतः गाडी चालवू नये, असा सुरक्षेचा नियम आहे."

"मग ड्रायव्हरला सांगा!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"ड्रायव्हर प्रभारी आहे."

लोकांनी कपाळावर हात मारले. मला गाडी येत नाही. ज्याला येते त्याला संस्थेचा परवाना नाही. मानायनं दार उघडलं नाही. उतरणार नाही हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं.

शेवटी बेबांग पुढे झाली. "काय हो प्रमुख, इंजिन बंद असलं तर तिला गाडी चालवणं म्हणतात का?"

मानोय विचारात पडले. सगळ्या नियमांतून मनानं फिरून आले. "ढकलण्याबद्दल नियमात काही नाही."

"मनाई नाही ना?"

"नाही."

जत्रेत संतांचा रथ ढकलायची आमच्या लोकांना सवयच आहे. वीस-पंचवीस हात पांढऱ्या पत्र्याला लागले. गाडी पट्ट्याच्या अलीकडे येताच मानोय खिडकीतून एक हात आत घालून, स्टिअरिंगचं चाक धरून, प्रमुखाला शोभेल अशा संथ चालीनं बाजूनं चालू लागले. "सीटचा पट्टा लावा," ते म्हणाले. मानायनं पट्टा लावला. पुलाच्या उतारावर गाडीला जरा वेग आला तशी ती खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "हळू ढकला रे! त्या बाजूच्या घरांनी अजून पाहिलं नाही."

सगळ्यात मागे, पदर खोचल्यासारखा झगा वर बांधून, बेबांग ढकलत होती.