उरलेल्या गोळ्या आणि दोन घसे

मित्रांनो, आधी मोठ्ठा आ करा पाहू! सवयच जडली आहे हो. मी डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा एक जुना टॉर्च आहे. माझा मुलामा उडालाय, बटण दोनदा दाबावं लागतं. पण उभं आयुष्य लोकांच्या घशात डोकावण्यात गेलं. हल्ली मोबाइलचाच उजेड चालतो. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

एकदा शिंपीदादा धाकट्या लेकीला, चिमीला कडेवर घेऊन आले. मागे पाण्याची बाटली धरून मोठी ताई. चिमी तापाने फणफणली होती, नाक वाहत होतं, खोकला थांबेना.

"गोळ्या देतोय, तरी ताप हटत नाही. वर पोटही बिघडलं," म्हणत दादांनी खिशातून अर्धी पट्टी काढली. मागे ताईचा घसा सुजला होता, तेव्हाची. तिला बरं वाटताच गोळ्या थांबवून त्यांनी उरलेल्या जपून ठेवल्या होत्या. कापडाची चिंधीसुद्धा न टाकणारा माणूस तो!

"अहो, काय केलंत हे!" बाईंनी मला चिमीच्या घशाकडे वळवलं. आत नुसती लाली होती. "हा विषाणूंचा ताप दिसतोय. या गोळ्या जिवाणूंवरच्या. विषाणू त्यांना भीक घालत नाहीत. बंद करा. हिचं शरीरच विषाणूंशी लढेल. विश्रांती, घोट घोट पाणी आणि वजनाप्रमाणे तापाचं औषध द्या. धाप लागली, लघवी कमी झाली किंवा ताप टिकून राहिला, तर तडक आणा."

मग त्यांची नजर ताईकडे गेली. पाणी गिळताना तिचं तोंड वाकडं झालं होतं.

"ये गं इकडे."

मी डोकावलो आणि चरकलोच. घशात पांढरे ठिपके होते. बाईंनी नुसत्या नजरेवर न विसंबता घशातला नमुना तपासायला घेतला. जिवाणूच निघाले. औषध अर्धवट सोडल्यामुळे दुखणं उलटलं होतं.

दादांनी हातातली अर्धी पट्टी टेबलावर ठेवली. "एकीच्या मापाचा झगा मी दुसरीला चढवत नाही, आणि औषध मात्र... पोरी, दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"गोळ्या थोड्याच होत्या ना बाबा," ताई पुटपुटली. "चिमीला पुरायला हव्या होत्या."

दादांनी तिला पोटाशी धरलं. बाईंनी दिलेल्या नव्या गोळ्या ताईने शेवटपर्यंत घेतल्या. दोघीही बऱ्या झाल्या.

मित्रांनो, उरलेलं औषध दुसऱ्याला देऊ नका. आणि दुखलं तर सांगा रे! तोंड मिटलेलं असलं, तर माझा उजेड आत कसा पोहोचणार?