फुग्याच्या छातीचं कापडी बाळ

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे. पण मला घेऊन कुणी भातुकली खेळलं नाही, माझं लग्न लावलं नाही, की मला कुशीत घेऊन कुणी झोपलं नाही. बाळंतपणं करायला शिकणाऱ्या बायकांनी माझ्यावर हात बसवायचा, एवढ्याचसाठी माझा जन्म झाला.

नंदिगड्डा गावाच्या पलीकडे रानात एक लहानसा दवाखाना होता. तिथं नेमलेल्या नर्स कृष्णाबाई कॅसलरॉकला रेल्वेतून उतरून बैलगाडीने आल्या. ट्रंकेत कात्री होती, औषधं होती. पण शिकवायला बाळ कुठून आणणार? शेवटी त्यांनी जुन्या लुगड्याची मला शिवली. डोक्यात करवंटी, अंगात भाताचा कोंडा, आणि वजन खऱ्या बाळाइतकं भरावं म्हणून वाळू. नाक मात्र जरा वाकडंच शिवलं, तो राग माझा अजून गेलेला नाही. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, ते शिकवायला छातीत जत्रेतला लाल फुगा बसवून त्याची नळी माझ्या तोंडाशी आणली. बेताने फुंकलं की माझी छाती वर यायची. तेवढ्यापुरतं मला वाटायचं, आपण खरंच कुणाची तरी आहोत!

शिकायला वाड्यावाड्यांतून बायका यायच्या. त्यांत कुंभारवाड्याकडची केशर होती. हाताची हलकी, पण तिची एक खोड काही केल्या जाईना. बाळ जन्मलं की दृष्ट लागू नये म्हणून लगेच त्याचं तोंड पदराने झाकायचं, अशी तिच्या घरची रीत. केशर मलाही झाकायची आणि कापडावरूनच फुंकायची. आत छाती हलली की नाही, देव जाणे!

"अगं केशर, या चिंध्यांच्या पोराला कुणाची दृष्ट लागणार?" कृष्णाबाई वैतागायच्या. "छाती डोळ्यांना दिसायला हवी. आणि फुंकर गालांतली घाल, पोटातली नको. इवलंसं बाळ ते, लोहाराचा भाता नव्हे."

"कळतंय वो बाई. पण हात आपसूक पदराकडं जातोय," केशर ओशाळून म्हणायची.

शेवटी बाईंनी सरावासाठी मला तिच्या घरी धाडलं. तिची धाकटी जाऊ तुळजा पोटुशी होती, दिवस भरत आले होते. तुळजाचं पहिलं बाळ जन्मल्यावर रडलंच नव्हतं, तसंच गेलं होतं. त्यामुळे सासू बायजा मला बघताच कडाडली.

"पोटुशी बाई घरात असताना ह्ये मेलेलं प्वार आणलंस व्हय गं? ह्या खेपंला काय वंगाळ झालं, तर तुला घरात ठेवायची न्हाई, सांगून ठेवतो!"

केशरने मला माजघरातल्या भाताच्या कणगीमागे लपवलं. घरात कुणी नसलं की ती मला बाहेर काढायची, तोंड उघडं ठेवून हळूच फुंकायची. बाकी सारा वेळ मी एकटीच. पलीकडे तुळजाच्या बाळासाठी मऊ मऊ दुपटी घडी घालून ठेवली होती, आणि माझ्या अंगावर एक फडकंसुद्धा नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

एके दुपारी तुळजाच्या कळा सुरू झाल्या. कृष्णाबाईंना आणायला माणूस धावला. पण रानातली वाट ती, सरता सरत नाही. बाळ काही तोवर थांबलं नाही. केशरच्या हातात मुलगी आली, निळीसावळी आणि गप्प. केशरने तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली. हूं नाही की चूं नाही. बायजाने आपला पदर बाळाच्या तोंडावर ओढला.

"ह्ये बी गेलं," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

केशरचे हात थांबले. तिची नजर कणगीकडे वळली. अगं, उघड ते तोंड! मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

केशरने पदर बाजूला सारला.

"आगं सटवे, काय करतीस?"

"आत्ती, आता मधी येऊ नगा!"

तिने बाळाच्या नाकातोंडावर ओठ ठेवले आणि गालांतली फुंकर घातली. डोळे छातीवर. छाती वर आली. पुन्हा फुंकर, पुन्हा छाती वर. मग बाळाला एक उचकी लागली, आणि पोरीने असा टाहो फोडला की गोठ्यातली गाय हंबरली. बायजा हमसून हमसून रडू लागली.

पोरगी या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. माझी आठवण कुणाला? संध्याकाळी बायजा भात काढायला कणगीशी आली आणि मी तिच्या दृष्टीस पडले. आता आपली रवानगी चुलीत, असं मी धरूनच चालले. पण तिने माझी धूळ झटकली आणि पोरीला लावून बोटाला उरलेल्या काजळाची तीट माझ्या गालाला लावली.

"तुला बी कुणाची दृष्ट लागू नगो, बाय माझे," ती म्हणाली.

मित्रांनो, उभ्या जन्मात माझं कोडकौतुक झालं ते तेवढंच.

पुढे मी दवाखान्यात परतले. कितीतरी बायका माझ्यावर शिकल्या. दर जत्रेला कृष्णाबाई नवा फुगा आणायच्या. मग त्यांची बदली झाली, आणि शहरातून रबरी बाळ आलं. गोरंपान, सरळ नाकाचं! माझी जागा कपाटाच्या माथ्यावर गेली. उंदरांनी कोंडा खाल्ला. फुगा आतल्या आत चिकटून विरला.

परवा केशर आली होती, तुळजाच्या त्या पोरीला, मंगलला, देवी टोचून घ्यायला. कपाटावरून लोंबणारा माझा पाय तिला दिसला. तिने मला खाली घेतलं आणि सवयीने फुंकर घातली. गालांतलीच. डोळे माझ्या छातीवर. छाती हलली नाही. ती थांबली. पुन्हा फुंकलं.

"मोठी आई, कुणाची गं ही बाहुली?" मंगलने विचारलं.

"तुझी थोरली भैन हाय ती," केशर म्हणाली.

मंगलने माझ्या गालावरच्या पुसट तिटीवर बोट ठेवलं. दोघी निघाल्या. नव्या नर्सबाई मला परत वर ठेवून, धूळ बसू नये म्हणून माझ्यावर फडकं टाकू लागल्या, तेव्हा केशर दारातून मागे वळली.

"तोंड तेवढं झाकू नगा, बाई."

मी पुन्हा कपाटावर आहे, मित्रांनो. तोंड उघडं आहे. तुम्ही जत्रेला गेलात तर माझ्यासाठी एक फुगा आणाल का? कुठल्याही रंगाचा चालेल. फक्त फुंकताना गालांतली फुंकर घाला, आणि माझ्या छातीकडे बघा.