चादरी वाळतील की नाही

त्या दुपारी देशात नेहमीप्रमाणे काहीच निश्चित नव्हतं. राष्ट्रीय प्रसारण केंद्राच्या हवामान कक्षात मात्र सगळं ठरलेलं होतं. हवामान खात्याकडून आकडे येणार, टीव्हीवर हवामान सांगणारी ती त्या आकड्यांची माणसांना कळतील अशी वाक्यं करणार, आणि मग ती वाक्यं पुन्हा कुणालाच कळू नयेत म्हणून संपादकांकडे जाणार.

या संपादकांना सगळं केंद्र पाठीमागे शक्यतासाहेब म्हणायचं. फार पूर्वी त्यांनी ‘उद्या कोरडं राहील’ एवढं एक वाक्य बेसावधपणे जाऊ दिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एका मंत्र्याच्या मुलीचं उघड्यावरचं लग्न वऱ्हाडासकट भिजलं होतं. तेव्हापासून त्यांनी एकाही क्रियापदाला एकटं बाहेर सोडलं नव्हतं.

“हे काय लिहिलंय? पाऊस पडणार नाही?”

“सर, खात्याचा कागदच तसा आहे. नकाशावर ढगाचा ठिपकासुद्धा नाही.”

“खात्याचं काय जातंय? शिव्या आपण खातो. ‘पावसाची शक्यता कमी’ लिहा.”

तिनं लिहिलं. त्यांनी कागद हातात घेऊन ‘तुरळक ठिकाणं वगळता’ हे स्वहस्ते जोडलं आणि समाधानानं पेनाला टोपण लावलं. “आता कुणाच्या बापाची बिशाद नाही आपल्याला धरायची.”

ते खरंच होतं. फक्त तिचा बाप सोडून.

तिचे वडील गणिताचे मास्तर होते. चूक आणि बरोबर यांच्याशिवाय तिसरा शेरा त्यांनी जन्मात कुणाच्या वहीवर दिला नव्हता. आई गेल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला ते एकटेच राहायचे, आणि म्हातारपणी त्यांना एक व्यसन लागलं होतं, धुण्याचं. मशीन कपड्यांना नुसतं गरगर फिरवतं, स्वच्छ करत नाही, असं त्यांचं मत होतं. ते हातानं धुवायचे, पिळायचे, झटकायचे आणि गॅलरीतल्या दोरीवर कडेला कड जुळवून वाळत घालायचे. साहजिकच आकाशाशी त्यांचा रोजचा व्यवहार होता, आणि आकाशाची अधिकृत प्रवक्ती त्यांच्याच घरात जन्मली होती.

बातमीपत्र संपलं की त्यांचा फोन यायचाच. एकदा ती विसरून हिरवा स्कार्फ घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. हवामानाची बातमी देणारी बाई मोकळ्या हिरव्या भिंतीकडे आत्मविश्वासानं बोट दाखवत असते. हिरव्याच्या जागी नकाशा मागाहून येतो. त्या दिवशी नकाशा स्कार्फवरही आला. देशभर लोकांना गळा नसलेली बाई दिसली आणि वडिलांचा फोन आला, “ढगाबाई, आज तुझ्या गळ्यात चक्रीवादळ पडलं होतं. जावई कधी दाखवतेस?”

त्या संध्याकाळीही त्यांचा फोन आला.

“ढगाबाई, देशाचं कळलं. माझ्या गॅलरीचं काय?”

“सांगितलं ना बाबा, पावसाची शक्यता कमी.”

“उद्या चादरी काढतोय धुवायला. जाड आहेत. वाळतील की नाही?”

“तुरळक ठिकाणं वगळता...”

“माझी गॅलरी तुरळक आहे का, तेवढं बोल.”

ती हसली. ते हसले नाहीत.

“हो की नाही? जास्तीत जास्त दोन अक्षरं लागतील. एवढा पगार घेतेस!”

“असं नक्की सांगता येत नाही हो, बाबा.”

“टीव्हीवर नको सांगूस. मला सांग. बापाला.”

खात्याचा कागद तिच्या समोरच होता. उद्याचं आकाश धुतल्यासारखं असणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण जिभेला वळण लागलं की ती घरीही तशीच वळते. “सकाळी आकाश बघून ठरवा ना,” ती म्हणाली, “मला मीटिंग आहे.”

मीटिंग खरोखरच होती. ‘हलका पाऊस’ म्हणावं की ‘हलकासा’, यावर ती बराच वेळ चालली आणि निर्णय पुढे ढकलण्यात आला.

सकाळी वडिलांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. ती पोचली तेव्हा वडील गॅलरीत खुर्चीवर बसलेले होते, तोंड आकाशाकडे करून. डॉक्टर येऊन गेले होते. दोरीवर चिमटे ओळीनं लावलेले होते. खाली बादलीत पिळून ठेवलेल्या चादरी होत्या. आकाश निळंभोर होतं, औषधालाही ढग नव्हता.

“हृदय थांबलं,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. आधी नक्की सांगता येत नाही.”

तिला ती भाषा पाठ होती.

संध्याकाळी अंत्यविधीहून परतलेल्या माणसांनी घर भरलं. शांतता फार झाली म्हणून कुणीतरी टीव्ही लावला, आणि टीव्हीवर ती आली. केंद्रात प्रत्येकीचं एक सुरक्षित बातमीपत्र आगाऊ चित्रित करून ठेवलेलं असतं, अचानक रजा पडली तर लावायला. ते कुठल्याही दिवशी चालतं, कारण ते कुठल्याच दिवसाचं नसतं. पिवळ्याधमक कोटात ती प्रसन्न हसत होती. “हवामान ऋतुमानाप्रमाणे राहील. नागरिकांनी काळजी करण्याचं कारण नाही.”

आत्यानं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “अगं बाई! तू इथं आहेस की तिथं?”

“तिथं बरी दिसतेय,” लांबचे एक काका म्हणाले. आत्यानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पाणी प्यायला गेले.

बातमीपत्र संपलं. तिनं सवयीनं फोन हातात घेतला, आणि तसाच धरून बसली.

रजा संपवून कामावर जायच्या दिवशी सकाळी तिनं वडिलांच्या गॅलरीतली बादली पाहिली. चादरींना आंबूस वास येत होता. “टाकून दे गं, नव्या मिळतात,” आत्या म्हणाली. तिनं ऐकलं नाही. त्या पुन्हा साबणात भिजवल्या आणि कामावर गेली.

शक्यतासाहेब दारातच भेटले. शोक कसा व्यक्त करावा, हे ते बराच वेळ जुळवत होते. “झालं ते,” ते म्हणाले, “एकंदरीत वाईट झालं, असं म्हणायला हरकत नाही.”

“हो, सर.”

“तुम्हाला जमेल ना आज? लाइव्ह आहे.”

“शक्यता आहे,” ती म्हणाली. त्यांना हे उत्तर मनापासून आवडलं.

खात्याचा कागद आला. उद्या सर्वत्र कोरडं, लख्ख ऊन. तिनं तसंच लिहिलं. साहेबांनी शक्यता घातली, तुरळक ठिकाणं घातली आणि एक ‘साधारणतः’ वरून पेरला.

दिवे लागले. हिरव्या भिंतीसमोर उभं राहून तिनं उत्तर दाखवली, दक्षिण दाखवली, किनारपट्टीवरून हात फिरवला. साधारणतः म्हणाली, तुरळक म्हणाली, एक शब्द गाळला नाही. शेवटी फक्त ‘नमस्कार’ उरला.

तो तिनं म्हटला नाही. कानातल्या यंत्रात साहेबांचा आवाज आला, “संपवा! काय झालं? संपवा ना!”

भिंत सोडून ती कॅमेऱ्याकडे वळली.

“बाबा,” ती म्हणाली, “हो. उद्या तुमच्या गॅलरीत पाऊस नाही. चादरी वाळतील.”