सोमवारचा कोरडा तांब्या

मित्रांनो, काठ झिजलेला, पोटाला पोचा आलेला हा म्हातारा म्हणजे मी, सेलूच्या बसवंतराव अप्पांच्या घरचा तांब्या. तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, त्याचं काही वाटलं नाही. एकदा विहिरीत पडलो, तेव्हाही घाबरलो नाही. पण गेल्या श्रावणात माझ्या कानावर जे पडलं, त्यानं माझी बोलतीच बंद झाली. अजून आठवलं की सुन्न व्हायला होतं.

अप्पांच्या बायकोच्या, उमादेवींच्या लग्नात मी रुखवतात आलो. अप्पांचं बाजारात सरकी-पेंडीचं दुकान आणि मागेच घर. मला थेट गादीशेजारी जागा मिळाली. उन्हातून आलेला शेतकरी आधी माझ्यातलं पाणी घटाघटा प्यायचा, मग पेंडीचा भाव विचारायचा. "अप्पा, तुमच्या तांब्याचं पाणी लय गोड लागतंय," असं कुणी म्हणालं की मी नुसता फुगायचो. अप्पा स्वतः तर दिवसभर मला रिकामा करायचे आणि पुन्हा भरून मागायचे. काय ते दिवस होते!

मग शिवकांतनं, अप्पांच्या मुलानं, दुकानात फ्रिज आणला. झालं, आमचे दिवस फिरले! नारंगी, काळ्या, हिरव्या गोड पाण्याच्या बाटल्या आल्या. गिऱ्हाइकाला एक उघडली की अप्पांनाही एक. माझी रवानगी घरात, देवघराशेजारच्या फळीवर झाली. महिनोन् महिने अंगाला चिंच लागली नाही. मी हिरवट पडलो, पण विचारतो कोण?

आणि एका सकाळी अप्पा असे ओरडले की मी फळीवरून पडायचाच राहिलो. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजून जांभळा झाला होता. वरची चादरसुद्धा सोसवेना! धिप्पाड माणूस, पोती उचलणारा, लेकरासारखा रडत होता. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड वाढलेलं निघालं.

"आरं, हे तर मटण खाणाऱ्यांचं दुखणं," अप्पा म्हणाले. "आमच्या घरी कसं आलं?"

मग काय विचारता! बाजारातला जो तो वैद्य झाला. कुणी म्हणालं डाळ बंद करा, ताटातलं वरण गेलं. कुणी म्हणालं पालेभाजी नको, पालक गेला. दुखण्याच्या गोळ्या शिवकांत परस्पर मेडिकलमधून आणू लागला आणि अप्पा त्या उपाशीपोटी गिळू लागले. नारंगी बाटलीला मात्र कुणी नावं ठेवली नाहीत. फ्रिजवाल्याचं नशीब, दुसरं काय!

उमादेवींनी महादेवाला नवस बोलला. अप्पांचा पाय बरा होईपर्यंत दोघांनी सोमवार धरायचा. आधी भगर आणि केळी चालत होती. तरी अंगठा सुजला. उमादेवींना वाटलं, आपलंच कुठंतरी कमी पडतंय. म्हणून भगर सोडली. पुन्हा सुजला. दूध सोडलं. पुन्हा सुजला, तेव्हा त्यांनी पाणीही सोडलं! पाय जितका दुखे तितका उपवास कडक होत गेला. चुकून कुणी पाणी घेऊ नये म्हणून सोमवारी उमादेवी मला पालथा घालू लागल्या. अप्पा पेंडीच्या गोदामात दिवसभर घाम गाळायचे, संध्याकाळी गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेऊन पूजा करायचे आणि उपवास सुटला की कोरड्या घशानं थेट फ्रिज गाठायचे. मला तर या दोघांचा अभिमान वाटायचा हो! काय ही भक्ती, म्हणायचो.

श्रावणात अप्पांचे दोन्ही पाय सुजले, लघवी कमी झाली, तेव्हा शिवकांतनं ऐकलं नाही. सगळे परभणीला निघाले. उमादेवींना बाहेरचं पाणी चालत नाही. त्यांनी मला चिंचेनं घासून भरलं, तोंडावर फुलपात्र दाबलं आणि फडक्यात बांधून पिशवीत घातलं. असा मी आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसलो आणि दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून विचारलं, "काका, मटण, मासळी, दारू?"

"मॅडम, आमी लिंगायत," शिवकांत दुखावून म्हणाला. "आमच्या घरात अंडंबी येत न्हाई."

"पाणी किती पिता?"

याचं उत्तर उमादेवींनी मोठ्या अभिमानानं दिलं. "सोमवारी थेंब न्हाई. निर्जळी करायलोत आमी. नवस हाय."

"आणि अंगठा कधी सुजतो?"

"कधीबी," अप्पा म्हणाले.

"कधीबी कसं? मंगळवारी की," उमादेवी म्हणाल्या. "बहुतेक मंगळवारीच..." आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पुढं विचारल्यावर शिवकांतनं बाटल्यांचं आणि गोळ्यांचंही सांगितलं. मग डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. हा आजार मांस न खाणाऱ्यालाही होतो. उपाशी राहिलं, अंग कोरडं पडलं की युरिक ॲसिड वाढतं, वर ती गोड पेयं आगीत तेल ओततात. त्यात मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. किडन्यांवर ताण आला आहे, असंच चाललं तर त्या जातील. वरण मापात खाऊ द्या, ताक द्या, किती पाणी प्यायचं ते मी लिहून देते. बाटल्या बंद, कोरडा उपवास बंद. नुसत्या पथ्यावर भागणार नाही, मी देते ती गोळी रोज घ्यायची.

"म्हंजे मीच?" उमादेवींचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्याच हातानं ह्यांना...?"

पिशवीत बसून मी ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं.

पुढचा सोमवार आला. अप्पा हट्टाला पेटले. "डॉक्टरला देवाचं काय कळतंय? नवस मोडला तर पाय जाईल माझा."

उमादेवींनी मला काठोकाठ भरलं आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"महादेवाच्या पिंडीवर दिवसभर पाण्याची गळती लावता ना? त्याला गार पाणी, आन् त्याच्या माणसानं वाळून मरायचं? नवस मी बोलले होते, मीच सोडायले. पाप लागलं तर मला लागंल. तुमी प्या."

"उमा, अगं..."

"प्या म्हणते ना! मला तुमी पाहिजेत."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मला तोंडाला लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मंगळवारी सकाळी उमादेवींची हिंमतच होईना अप्पांच्या खोलीत डोकावायची. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसून राहिल्या. एवढ्यात पुढं दुकानाचं शटर खडखडत वर गेलं. शिवकांत तर त्यांच्यासमोर चहा पीत बसला होता! म्हणजे शटर अप्पांनीच उघडलं होतं, आपल्या पायांनी चालत जाऊन. मग उमादेवींनी पदर तोंडात धरला आणि हमसून हमसून रडल्या.

पुढं पुन्हा अंगठा सुजला नाही असं नाही. एकदा सुजला, पण गोळी चालू होती, लवकर उतरला. बाटल्या अप्पांनी सोडल्या, थोडी कुरकुर करून.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात कुणाला असं दुखणं असेल तर ताटातलं काढण्याआधी आणि उपवास धरण्याआधी डॉक्टरला विचारा. आजी-आजोबा दुपारी गप्प बसलेले दिसले तर पाणी घेतलं का म्हणून विचारा, आणि उत्तराची वाट न बघता तांब्या भरून न्या.